धाकलू वकिलांची दुसरी फेरी

दहिवलीच्या धाकलू वकिलांना कशाची भीती वाटत नसे, हे सांगणं सोपं आहे. गार पाण्याची. ऐन थंडीत ते विहिरीवर उभे राहून डोक्यावर बादल्या ओतून घेत आणि वर गाणं म्हणत. बाकी सगळ्याची त्यांना भीती वाटे. माथेरानच्या घोड्यांची वाटे, घोडे खाली आणून बांधले असले तरी वाटे. कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तेव्हा एक धक्का बसतो. त्या धक्क्याच्या भीतीनं ते आधीच खाली उतरून फलाटावर उभे राहत आणि इंजिन लागलं की पुन्हा चढत. एकदा तेवढ्यात गाडी निघून गेली. वकील शांतपणे घरी परत आले आणि बायकोला म्हणाले, "बरं झालं. घाटातले बोगदे तरी टळले."

असा माणूस वकील झाला कसा, तर त्याच्या रडण्यामुळे. पाळण्यातलं हे पोर रडायला लागलं की अर्ध्या दहिवलीला ऐकू जाई. त्यांचे वडील नामा ठोंबरे भातशेती करणारे साधे गृहस्थ. त्यांनी भावकीत जाहीर केलं, "ह्या आवाजाला कोर्टच पायजे!" मग साऱ्या भावकीनं हौसेनं पोराला शिकवलं, सनद मिळाली, काळा कोट आला. फक्त आवाज तेवढा पाळण्यातच खर्च होऊन गेला होता.

सासरे भिवाजी दहिवलीतच राहत. त्यांची भाताची गिरणी होती. त्यांनी जावयाला आपल्या घराची ओटी कचेरीसाठी दिली. 'डी. एन. ठोंबरे, प्लीडर' अशी पाटी रंगवून आणली. ती धाकलू वकिलांनी स्वतःच्या हातानं ठोकली, पण घराच्या आतल्या बाजूला. रस्त्यावरून कोणाला दिसून तो आत येईल, ही धास्ती.

सन त्रेचाळीसचा शिमगा होऊन गेला होता आणि पाटी फक्त घरच्यांनी वाचली होती. एका सकाळी भिवाजी ओटीवर येऊन बसले. त्यांना सगळं जग गिरणीतून दिसत असे.

"जावईबापू, गिरणी टाकली तवा आमी काय केलं, ठाव हाय? कुंभिवलीपास्नं नेरळपर्यंत पायी हिंडलो. कोनाच्या घरात किती भात पिकतं ते बगितलं. मंग इंजान आनलं. तुमी नुसतं इंजान आनून बसलाव. भात कुठं हाय?"

"मामा, वकिलीत भात नसतं."

"भांडान तर असतं? मंग जावा आन बगून या, कोनाच्या गावात किती भांडान पिकतं ते. आन एकदा जाऊन भागायचं नाय हां. भात पेरून कोन घरी बसतो? रोप उपटून दुसऱ्यांदा लावाया लागतं. पयली फेरी पेरनी, दुसरी फेरी लावनी. मंग अशील आपसूक येतंय."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर पावसाच्या तोंडाला गिरणीत पट्ट्यापाशी बसायचं. मानूस कमीच हाय आमाला."

गिरणीचा पट्टा म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंत फटफटत धावणारं एक लांबलचक चामडं. ते सुटलं तर माणसाचं काय होतं, याची भिवाजींनी सांगितलेली एक हकिकत होती. ती वकिलांना तोंडपाठ होती. त्यांनी त्याच दुपारी आपल्या धंद्याचा आराखडा ठरवायला घेतला.

सासऱ्यांच्या आराखड्यात त्यांनी स्वतःचं एकच कलम घातलं आणि ते फक्त बायकोला सांगितलं. खरेदीखतं करायची, वाटणीपत्रं करायची, मृत्युपत्रं करायची, नोटिसा द्यायच्या. पण ज्याच्यासाठी कोर्टात उभं राहावं लागेल असं काम घ्यायचं नाही.

विमलबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे लग्नाला जायचं, पन मांडवात नाय शिरायचं."

"अगं, तुला ठाऊक नाही. तिथे उभं राहिलं की पायाखालची फरशी पातळ होते."

"मला सगळं ठाव हाय," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी काही बोलायचं टाळलं, त्यावरून खरंच ठाऊक असावं.

पहिली फेरी झाली. वकील गावोगाव जाऊन ओटीवर बसत, पाणी मागत आणि गोडीनं विचारत, "मग, भावाशी कसं काय आहे तुमचं?" ज्यांचं उत्तम चाललं होतं ते भाऊ एकमेकांकडे पाहू लागत. "बांध कोणी सरकवला बिरकवला?" म्हटल्यावर दोघंही बांध बघायला जात. आठवडाभरात अशी बोलवा झाली की दहिवलीचा वकील ज्या घरी पाणी पितो त्या घरात भांडण लागतं. कुंभिवलीत तर एका म्हातारीनं त्यांना लांबून येताना पाहून दारापुढची घागरच आत नेली.

लोकांचंही खरं होतं. दिवस वाईट होते. चले जावच्या गडबडीनंतर डोंगरात भूमिगत लपलेत म्हणून पोलीस वाड्या धुंडाळत होते. अनोळखी माणसानं प्रश्न विचारला की त्याच्यामागून बूट येतात, एवढं लोक शिकले होते. ज्याला त्याला ज्याची त्याची भीती. अशा दिवसांत धाकलू ठोंबरे हसतमुखानं विचारत हिंडत होते की कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि कोण कधी कुठे जातो.

त्या पहिल्या फेरीत मनापासून बोलला तो एकटा कमळ्या. माथेरानच्या पायथ्याला बेहड्याची वाडी म्हणून ठाकरांची छोटी वस्ती होती, तिथला हा जवान पोरगा. त्यानं वकिलांना बाजेवर बसवलं, करवंदं दिली आणि विचारलं ते सगळं सांगितलं. वर कोण असतं, खाली कोण येतं, तो स्वतः रोज डोंगर कधी चढतो. वकील खूश झाले. सासऱ्यांना म्हणाले, "मामा, एक रोप तरी रुजलंय."

लावणीला म्हणजे दुसऱ्या फेरीला ते म्हणूनच आधी बेहड्याच्या वाडीत गेले.

वाडीत शिरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एकही पोर पळत आलं नाही. कुत्री बसल्या जागेवरून नुसती पाहत होती. वकिलांनी हाक मारली, "कमळ्या आहे का?" आणि सगळ्या झोपड्यांतून एकदम माणसं बाहेर आली. कोणी अंगाला हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त त्यांच्याभोवती एक रिंगण झालं आणि ते रिंगण चालायला लागलं. वकिलांना मधोमध चालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

बेहड्याच्या झाडाखाली एक धोंडा होता, त्याच्यावर शेंदूर. धोंड्याला टेकून वाडीतला जाणता म्हातारा धाऊबाबा बसला होता. बाजूला कान्हा नावाचा धिप्पाड माणूस कोयत्यानं बांबूच्या कामट्या काढत होता. तो टोपली विणणार होता, दुसरं काही नाही. पण वकिलांची नजर त्या कोयत्यावर जी बसली ती उठेना.

"खाली बस," धाऊबाबा म्हणाला.

वकील बसले. उभं राहायला न सांगणारी ही पहिलीच कचेरी त्यांनी पाहिली.

कमळ्याची आई आवडी पुढे आली. तिनं वकिलांकडे बोट रोखलं. "ह्योच त्यो! माज्या घरात बसला. माज्या हातची करवंदं खाल्ली. कमळ्या कवा डोंगर चढतो ते इचारून गेला. आन तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याच वाटंवर धरला माज्या पोराला! भाकरीचं गठुडं होतं त्याच्या डोक्यावर. म्हनाले, रानातल्या लोकांना पोचवतोस. ह्यानं नाय सांगितलं तर कोनी?"

वकिलांनी तोंड उघडलं. धाऊबाबानं हात वर केला.

"तू बोलायचं नाय. ज्याच्यावर आळ हाय त्यो आमच्यात बोलत नाय. भ्यालेला मानूस खरंबी खोट्यावानी सांगतो. दुसरं कोन तरी तुज्या डोक्यावर हात ठेवल आन बोलल."

"आणि… कोणी नाही ठेवला तर?"

"तर तुजं खरं नाय."

"आणि ठेवला?"

"ठेवला आन तुजं खोटं निघालं, तर दोगांना एकच शिक्षा." म्हाताऱ्यानं हनुवटी किंचित वळवली. त्या बाजूला माथेरानचा कडा होता. शिक्षा काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि धाकलू वकिलांनी पुढच्या उभ्या आयुष्यात विचारलं नाही.

कोणी हलेना. कोयता बांबूतून सरसर जात होता. वकिलांना सासरे आठवले, विमलबाई आठवल्या, गिरणीचा पट्टादेखील आठवला आणि तो किती मायाळू होता असं वाटलं. कायद्याची सगळी पुस्तकं डोक्यातून निघून गेली. एवढं मात्र त्यांना कळलं, की आपण इथे फिर्यादी नाही, वकील नाही, कोणीच नाही. एक डोकं आहोत आणि ते रिकामं आहे.

तेवढ्यात मागून कोणीतरी खोकलं. जैतू पुढे आला. हा कोळसा पाडणारा वाळका माणूस. त्यानं आपला काळा पंजा वकिलांच्या पांढऱ्या टोपीवर ठेवला. पाच बोटं उमटली.

"ह्यानं नाय सांगितलं," जैतू म्हणाला.

"तू कशावरनं म्हनतोस?" आवडी.

"मी ह्याला कोर्टात बगितलाय. सागाच्या लाकडासाठी मला धरला होता ना, तवा दिसभर दाराशी बसवून ठिवलं होतं. त्या दिशी ह्यो कोनाच्या तरी म्हशीसाठी उबा राह्यला. सायब म्हनला, बोला. ह्यानं तोंड उगडलं. मंग मिटलं. मंग उगडलं. आगदी डोहातल्या माशावानी. सायब म्हनला, अवो बोला. ह्यानं पानी मागितलं. पानी पिला. आन घरी निगून गेला!"

रिंगणात कोणीतरी खुदकन हसलं.

"म्हशीचं काय झालं?" धाऊबाबानं विचारलं.

"म्हैस गेली. आता सांगा, ज्याला सायबाम्होरं म्हशीचं नाव घेता येत नाय, त्यो फौजदाराम्होरं आपल्या कमळ्याचं नाव कुठनं घेनार? एवडा भित्रा मानूस खबऱ्या होतच नाय. खबऱ्याला छाती लागते!"

मुंबईच्या मोठ्या बॅरिस्टरांनीदेखील अशिलाचा इतका पंचनामा करून त्याला सोडवलं नसेल. रिंगण सैल झालं. धाऊबाबा वकिलांना म्हणाला, "भित्रा हायस?"

बोलायचं नव्हतं, म्हणून वकिलांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"सुटलास. पन पोरगं तुज्या पायी गेलंय. तू सांगितलं नसंल, पन तुज्या मागावर कोनी असंल. जैतूनं तुज्या डोक्यावर हात ठेवला. आता तू कमळ्याच्या डोक्यावर ठेव. कोर्टात."

"मी? अहो, आत्ताच तुम्ही ऐकलंत ना…"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला. "आमच्याकडं दुसरा वकील नाय."

त्या रात्री वकिलांना जेवण गेलं नाही. विमलबाईंनी टोपीवरची कोळशाची बोटं पाहिली आणि टोपी धुवायला घेतली नाही. "असं काम घेणं म्हणजे माझंही नाव पोलिसांकडे जाणार," वकील म्हणाले. "भूमिगतांना भाकऱ्या पोचवण्याचा आळ! कर्जतमधल्या जुन्या वकिलांनी हात लावला नाही त्याला. उद्या मलाच उचलतील. तू काहीतरी बोल ना."

"काय बोलू? नाय म्हनायला तुमाला त्या वाडीत जाऊन सांगाया लागंल. जावा, सांगून या."

वकिलांना कोयता आठवला. एका बाजूला वाडी, दुसऱ्या बाजूला सरकार. दोन्ही भीतींचं माप काढत ते पहाटेपर्यंत पडून राहिले. त्या सारख्याच भरल्या.

खटल्याच्या दिवशी कोर्टाचं आवार भरलं होतं. बेहड्याची वाडी सगळीच्या सगळी आली होती आणि मागच्या भिंतीला चिकटून बसली होती. भिवाजीही गिरणी बंद ठेवून आले. लावणी कशी झालीय ते त्यांना पाहायचं होतं. दाराशी कमळ्याला धरणारा पोलीस जमादार उभा होता. टेबलावर मुद्देमाल मांडलेला होता, म्हणजे नाचणीच्या वाळून खडखडीत झालेल्या भाकऱ्यांची एक चवड.

फौजदारांनी सांगितलं, की एवढ्या भाकऱ्या एका माणसाच्या पोटात मावत नाहीत, सबब त्या रानातल्या टोळीसाठी होत्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "आरोपीतर्फे कोणी आहे?"

धाकलू वकील उठले. फरशी पातळ झाली. ते आपल्या जागेवरून निघाले, आरोपीच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि त्यांनी कमळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या भिंतीकडून एक समाधानाचा हुंकार आला. पण पाय इतके लटपटत होते की ठेवलेला हात हळूहळू धरलेला हात झाला. कमळ्याची मान त्या भारानं खाली जाऊ लागली.

"वकीलसाहेब, हे काय?"

"आधार आहे, साहेब."

"आरोपीला?"

"नाही," वकील म्हणाले. "मला."

कोर्ट हसलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला. वकिलांनी तोंड उघडलं, मिटलं. भिवाजींनी मागे डोळे झाकून घेतले. फौजदार भाकऱ्यांकडे वळले आणि त्यांनी चवडीतली एक उचलून साहेबांना दाखवायला दोन्ही हातांत धरली. ती कडकन वाजली.

"मोडू नका रं!" आवडी ओरडून उठली. "माजी हाय ती! तीन बोटांची माजी!"

"कोण आहे ती बाई? बाहेर काढा."

जमादार पुढे सरकला. आणि त्या क्षणी, कसं कोणास ठाऊक, पाळण्यात हरवलेला आवाज बाहेर आला. तो इतका मोठा आला की सगळ्यांत आधी वकीलच दचकले.

"साहेब, बाईंना बोलू द्यावं! त्यांना साक्षीला घ्यावं!"

जमादार थांबला. साहेबांनी भाकरी हातात घेतली. तिच्यावर तीन बोटांचे ठसे होते. त्यांनी दुसरी उचलली. तिच्या काठाला चिमटा काढलेला होता. तिसरीच्या मधोमध अंगठा दाबलेला.

आवडीला पुढे आणून शपथ दिली. वकिलांनी विचारलं, "या खुणा कसल्या?" त्यांचा हात अजून कमळ्याच्या डोक्यावरच होता.

"वाडीतले बापये माथेरानला हातरिक्षा ओढत्यात. दिसभर वर ऱ्हात्यात. आमी भाकऱ्या धाडतो, एकाच गठुड्यात. मंग कोनाची कोनती, ते कळाया नको? ज्या त्या घरची खून ज्या त्या भाकरीवर."

"ही कोणाची?" साहेबांनी अंगठ्याची भाकरी वर धरली.

"जनाची. कच्ची हाय बगा. तिला कदी जमलीच नाय."

"तुजी काय लय भाजलेली असत्ये गं!" मागच्या भिंतीपासून जना कडाडली. "माजा नवरा कदी काय बोलला नाय!"

"त्यो बोलनार कसा? दात चिकटल्यात त्याचं तुज्या भाकरीनं!"

भिवाजींनी डोळे उघडले. एवढं टपोरं भांडण त्यांनी कुठल्याच गावात पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या जावयाच्या कामी येत होतं. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि जमादाराला विचारलं, वर जाऊन रिक्षावाल्यांकडे चौकशी केली होती का. केली नव्हती. वकिलांनी आणखी एक वाक्य बोलायचं धाडस केलं, "साहेब, लपलेल्या माणसांना भाकरी पोचवणारा भाकरीवर नावं कशाला घालेल?" आणि लगेच खाली बसण्यासाठी खुर्ची शोधली. ती लांब होती.

दुपारनंतर कमळ्या सुटला. पडवीत आवडीनं त्याला कवटाळलं आणि मग दोन सणसणीत ठेवून दिल्या, कोनाशीबी बोलत बसतोस म्हणून. जैतू वकिलांपाशी आला. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "दोगंबी सुटलाव ना?"

वकिलांनी उत्तर द्यायच्या आत जमादार जवळ येऊन उभा राहिला. तो चांगल्या शब्दांत बोलला, म्हणून जास्तच भीती वाटली.

"ठोंबरे ना? दहिवलीचे?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणून तो गेला.

"एक तरी सुटला," वकील जैतूला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील विहिरीवर गेले, पण गाणं म्हणाले नाहीत. बादलीचा आवाज झाला तरी रस्त्याकडे पाहत होते. मागच्या दारानं घरात आले तर ओटीवर कुजबुज ऐकू आली. त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. ओटी भरली होती. आणखी काही जण खाली अंगणात उकिडवे बसले होते. पोलीस मात्र त्यांत नव्हता.

"कोण आहेत?" त्यांनी विमलबाईंना विचारलं.

"ज्यांची मानसं पोलिसांनी धरल्यात, ती."

"खरेदीखतवाला एकही नाही?"

"एकबी नाय."

"वाटणीवाला?"

विमलबाईंनी कोट पुढे केला. बाहेर भिवाजी सगळ्यांना ओळीनं बसवत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "दाटीवाटी करू नका, रोपाला रोप चिकटलं की वाढत नाय."

वकिलांनी कोट घातला. एक बटण लागेना, ते विमलबाईंनी लावलं. ते उंबऱ्यापर्यंत गेले, चौकट धरली आणि ती न सोडता बाहेर उभे राहिले. सगळी माणसं उठली. सर्वांत पुढे कुंभिवलीचा एक म्हातारा होता. त्याच्या मुलाला आठ दिवसांपूर्वी नेलं होतं.

"हे पाहा," धाकलू वकील म्हणाले, "मी आधीच सांगून ठेवतो. मला फार भीती वाटते."

"आमालाबी वाटते," म्हातारा म्हणाला. "बसू का?"